पुरात बुडालेल्या काहिलीतला गूळ

शहरातल्या माणसाला विचारा, गूळ कुठं होतो? तो म्हणेल, वाण्याकडे. हसू नका, माझ्या थोरल्या जावयानंच मला हे उत्तर दिलं आहे आणि तो चांगला शिकलेला आहे. म्हणून आधी धंदा सांगतो. मी गुळव्या. ऊस माझा नव्हे, घाणा माझा नव्हे, काहील माझी नव्हे, जळण माझं नव्हे. माझे फक्त डोळे आणि जीभ. शेतकरी वर्षभर ऊस पोसतो आणि शेवटचे तीन-चार तास तो माझ्या हवाली करतो. मी चुकलो की त्याच्या वर्षाची माती. अशी जोखीम डोक्यावर घेणारा माणूस गोड बोलेल कसा? गूळ नाही पण गुळाची वाचा तरी असावी, असं म्हणतात. माझं उलटं. गूळ भरपूर, वाचा मात्र जन्मभर मिरचीची.

मी चौथीपर्यंत शिकलो. आता हे बोलतो आहे आणि नात लिहून घेते आहे. तिनं माझं 'हाय' आणि 'न्हाई' काढून टाकलं. म्हणाली, आजोबा, छापायचं आहे. गोष्टीतलं त्या वेळचं बोलणं मात्र मी तिला बदलू दिलं नाही. आम्ही तसेच बोलायचो.

गाव माझं म्हसवडच्या अंगाचं, माणदेशातलं. तिथं प्यायच्या पाण्याची मारामार, ऊस कुठून असणार! पण चुलता कृष्णाकाठाला पोट भरायला आला होता, तो ही विद्या शिकला आणि त्यानं ती मला दिली. दिवाळी झाली की घोंगडं खांद्यावर टाकून निघायचं आणि शिमग्यापर्यंत गुऱ्हाळावर मुक्काम ठोकायचा.

काहील म्हणजे लोखंडी पत्र्याची गोल कढई समजा, पण सहा हात रुंद आणि बुडाला सपाट. तिच्याखाली चुलवाण. चुलवाणाचं तोंड खाली खड्ड्यात. त्या खड्ड्यात बसून वाळकी चिपाडं आत सारतो तो चुलव्या. त्याला रस दिसत नाही, मला जाळ दिसत नाही. मी वरून ओरडायचं, 'जाळ धर', 'जाळ आवर', आणि त्यानं माझ्या आवाजावर हात चालवायचा. चुलव्या जरा उशिरा वागला तर गूळ काळा पडलाच म्हणा. रस उकळला की भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी सोडायचं, वर येईल ती मळी काढून टाकायची. मग फेस, मग जाड बुडबुडे. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून गोळी वळायची आणि दगडावर मारायची. टण् वाजली की थांबायचं नाही. आठ गडी कड्यांत वासे घालून काहील उचलतात, जमिनीत केलेल्या उथळ वाफ्यावर नेतात आणि गुळव्या आरोळी देतो, 'कलंडवा!' काहील एका अंगाला कलंडते आणि पाक वाफ्यात उतरतो. ह्या एका काढणीला आम्ही आदण म्हणतो.

सांगलीच्या पेठेत एक व्यापारी होता, तो डोळे मिटून गुळाचा खडा तोंडात धरायचा आणि ऊस नदीच्या पाण्यावरचा की विहिरीच्या, ते सांगायचा. मी एकदा त्याला दोन गावांचे खडे मिसळून दिले. त्यानं तोंडातलं थुंकलं आणि म्हणाला, "दौलू, मस्करी करतोस व्हय रं?" असल्या गमती शंभर सांगता येतील. हे छापणाऱ्या दिवाळी अंकवाल्यांनीही तेच मागितलं आहे. पण सांगायला बसलो की मला एकच हंगाम आठवतो, आणि त्यात गंमत काहीच नाही.

तेव्हा ती दुसरी मोठी लढाई चालू होती. गाव कृष्णाकाठचं. तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं, आता सांगलीत आहे. गाव हललं नाही, सरकारनं रेघ हलवली. नाव सांगत नाही, त्या घरांतली माणसं अजून नांदताहेत. गुऱ्हाळ बाळगोंडा आण्णांचं. आण्णा जैन शेतकरी, बोलायला मवाळ, वागायला चोख. दिवस मावळायच्या आत त्यांचं जेवण व्हायचं आणि त्याच सुमाराला ते चुलवाणही विझवायला लावायचे, जाळावर रात्रीचे किडे पडतात म्हणून. आसपासच्या सगळ्या मळ्यांचा ऊस त्यांच्याच घाण्यावर यायचा.

त्या वर्षी दिवाळीनंतर पोचलो तर गुऱ्हाळावर काहील नाही. चुलवाणाचं तोंड मोकळं, त्यात कुत्री झोपलेली. मी आण्णांवर डाफरलो, "आण्णा, रस काय पातेल्यात आटवू?"

आण्णांनी माझा हात धरला. मला ओढ्याकाठी घेऊन गेले. तिथं बाभळीखाली काहील पालथी पडली होती, निम्मी चिखलात. तिच्याकडे न बघता त्यांनी सगळं सांगितलं.

कृष्णाकाठी पूर आला की काहिलीची नाव करतात, हे मला ऐकून माहीत होतं. आम्हा माणदेशी लोकांना ते ऐकताना हसू यायचं. पण सपाट बुडाची काहील पाण्यावर छान तरंगते. दहा-बारा माणसं मधोमध उकिडवी बसतात, दोन पोहणारे कडेला धरून तिला ढकलत नेतात. नियम एकच, कुणी उठायचं नाही. श्रावणात कृष्णा ओढ्यातून मागं फुगली आणि मळ्यांतली माणसं पलीकडे अडकली. सकाळपासून खेपा चालल्या होत्या. दिवस मावळताना शेवटच्या खेपेला बायका होत्या. ऐन मध्यावर काहील कलंडली. तीन गेल्या: कुंभाराची म्हातारी, मळ्यावरची एक लेकुरवाळी आणि रंगूआक्काची सून तानी. तानीचा नवरा पलटणीत, दूर मुलखात.

ढकलणाऱ्या दोघांपैकी एक आठ दिवसांत साताऱ्याला जाऊन भरती झाला. लोक लढाईला जाताना रडतात. हा म्हणे सुटल्यासारखा गेला. दुसरा गावातच राहिला. तो सखाराम, माझा चुलव्या. सात हंगाम आम्ही जोडीनं काढले होते.

"नवी काहील आणा," मी म्हणालो.

"सातारा झालं, कऱ्हाड झालं, सांगलीची पेठ झाली," आण्णा म्हणाले. "लोखंडाचा पत्रा मिळंना. समदं लढाईकडं चाललंय. आन् ऊस उबा हाय बग, तोंडात मारल्यावानी."

गावाचं म्हणणं वेगळंच होतं. ही काहील माणसं खाल्लेली, हिच्यातला गूळ खायचा कसा? जाणती माणसं म्हणाली, म्हसोबाला बोकड द्या, रक्त शिंपडा, मग लावा चुलवाणावर. आण्णांनी हात जोडले. "माज्या गुऱ्हाळात रगत सांडनार न्हाई. नारळ म्हना, दहा फोडतो." लोक म्हणाले, नारळानं भागत नाही. झालं, दोन्हीकडचे हट्टाला पेटले. शेवटी आण्णांनी ठरवलं, काहील घासूनपुसून लावायची, पहिलं आदण आपल्याच उसाचं काढायचं. कुणी येवो न येवो.

मी सखारामाच्या घरी गेलो. सखाराम म्हणजे हसरा गडी. खड्ड्यात बसून मला शिव्या घालायचा, मी वरून घालायचो, आणि त्या शिव्यांवर आमचा गूळ शिजायचा. तो भिंतीला टेकून बसला होता. मला बघून नुसता "ये" म्हणाला. त्याची बायको पारू मला अंगणात घेऊन गेली.

"आवं भावजी, चार म्हयनं झालं, ह्यो मानूस घासभर खातुया. नदीवर आंगुळीला जाईना. कुनी दारात आलं की आत पळतुया. लोकं चांगली हायती, एक शब्द कुनी इचारला न्हाई. पर ह्येला त्येच लागलंय जनू."

मला त्यातलं काही कळलं नाही. मी माझ्या अकलेनं औषध सुरू केलं. त्याच्या पाठीत थाप मारली, म्हणालो, "पुरे झालं गड्या बायकांगत बसनं! आभाळ फाटलं, तिथं तू ठिगळ कुठं कुठं लावनार? इसर आता. उद्यापासनं खड्ड्यात बस, जाळ बघितला की बरं वाटंल." मी पूर पाहिला नव्हता, बुडणारं माणूस पाहिलं नव्हतं. मला वाटायचं, दु:ख म्हणजे मळी. वर आली की काढून टाकायची, खाली रस स्वच्छ. माझा तो शहाणपणा आठवला की आजही स्वत:च्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

पण तो आला. का आला, देव जाणे. बहुतेक माझा आवाज त्याला ओळखीचा होता. काहील चिंच लावून घासली, नारळ फोडला, रस ओतला. सखाराम खड्ड्यात उतरला. मी मुद्दाम दोन शिव्या हासडल्या, त्यानं एक परत दिली. मला वाटलं, जिंकलं! सांगतो ना, आदणही सुरेख चाललं होतं. मळी निघाली, फेस चढला, बसला. गोळी टण् वाजली. गड्यांनी वासे घातले, काहील उचलली, वाफ्यावर आणली. आणि मी, सात हंगाम देत आलो तशीच, पोटातनं आरोळी दिली, "हां, कलंडवा!"

काहील कलंडायला लागली आणि सखाराम खड्ड्यातून झेपावत वर आला. "न्हाई! न्हाई! बसा! खाली बसा समदी!" असं ओरडत त्यानं दोन्ही हातांनी काहिलीची कड धरली. तापलेली कड, तीन तास जाळावर असलेली. सोडेचना. त्याला मागं ओढायला तिघं लागले. उरलेल्या गड्यांनी कशीबशी काहील वाफ्यात रिकामी केली. सखारामाचे तळहात भाजून निघाले होते, आणि तो त्या हातांकडे बघतही नव्हता. तो काहिलीकडे बघत होता.

ही आरोळी त्याच्यासमोर द्यायची नाही, हे मला सुचायला हवं होतं. ती रोजच्या कामातली आरोळी, त्यामुळे मला तिच्यात काही दिसलंच नाही.

त्याच दुपारी त्याच्या हातांवर कोरफडीचा गर लावत मी बसलो होतो. पारू पाणी आणायला गेली होती. सखाराम अचानक म्हणाला, "दौलू, तुला एक सांगू? कुनाला ठावं न्हाई."

मग तो बोलला. काहील ओढ्याच्या मध्यावर आली होती. इकडच्या बायकांची रीत आहे, कृष्णामाई पात्र सोडून आली की तिला हळदीकुंकू वाहिल्याशिवाय पार व्हायचं नाही. पाणी संथ दिसलं म्हणून सखाराम म्हणाला, "बायांनु, आई दारात आलीया. हळदीकुंकू वाहून घ्या." बायका उठल्या, सगळ्या एकाच वेळी, वरच्या अंगाच्या कडेला. प्रवाह तिकडूनच येत होता, वाहायचं ते त्याच बाजूला. काहील एका अंगाला बसली आणि पाणी आत आलं.

"म्या सांगिटलं, दौलू. सकाळधरनं शंभरदा म्हनलं असंल, उठू नगा, उठू नगा. आन् शेवटच्या खेपंला म्याच उठीवलं. तीन बाया म्या मारल्या."

इथं माझी चूक सांगतो. धंद्यातल्या चुका सांगायला मला लाज वाटत नाही, ही सांगताना वाटते. मी घाबरलो. डोळ्यांपुढं मेलेल्यांची घरं आली, भाऊबंद आले, काठ्या आल्या. मी त्याचा दंड घट्ट धरला आणि म्हणालो, "हे माज्यापाशी बोल्लास ते बोल्लास. पुन्ना कुनापाशी तोंड उगडायचं न्हाई. आळीमिळी गुपचिळी. समजलं?"

त्यानं मान हलवली. मला वाटलं, मी दोस्ताला वाचवलं. आज विचार करतो तर त्याला काय ऐकू गेलं असेल? चार महिने त्याला शंका होती की आपण पापी आहोत. जिवाभावाच्या माणसाला विचारलं, आणि त्यानंही सांगितलं, होय, आहेस, झाकून ठेव. मी दुसरं काय सांगितलं होतं?

सकाळी पारू धावत गुऱ्हाळावर आली. "भावजी, ह्ये घरात न्हाईत!" मी ओढ्याकडे सुटलो. का, ते सांगता येत नाही, पाय तिकडेच गेले. ओढा मिळतो तिथं कृष्णेत सखाराम उभा होता, छातीएवढ्या पाण्यात, भाजलेले हात वर धरून. चार महिने नदीला पाय न लावलेला माणूस. थंडीनं त्याचे दात वाजत होते, तरी तो पुढच्या धारेकडेच बघत होता.

मला पोहता येत नाही. माणदेशात पोहणार कुठं? मी धोतरासकट पाण्यात शिरलो. कमरेएवढं पाणी झालं तसे मी पाय चिखलात रोवले. मी ओरडलो, "सखा, पुढं येऊ का मागं जाऊ ते सांग! मला ह्यातलं काय कळत न्हाई! तुजा आवाज आल्याबिगार माजा पाय उचलत न्हाई!"

तो वळला. मला पाण्यात बघून पहिल्यांदा त्याच्या तोंडावर काहीतरी हललं. "मागं जा, येड्या," तो म्हणाला, "फुडं खड्डा हाय."

"मंग तू ये. आन् ऐक. काल म्या सांगिटलं ते समदं चुकलं. तू बोल. समद्यांच्या तोंडावर बोल. म्या शेजारी उबा ऱ्हातो, काठ्या पडल्या तर निम्म्या माज्या पाटीवर."

तो बाहेर येईपर्यंत मी तिथंच उभा होतो. खरं सांगायचं तर मला माझं मागंही जाता येत नव्हतं. त्यानंच दंडाला धरून मला काठावर आणलं.

आण्णांनी निरोप धाडले. त्या दिवशी गुऱ्हाळावर तिन्ही घरांची माणसं आली. काल काढलेला गूळ वाफ्यात तसाच होता, कुणी हात लावला नव्हता. रंगूआक्का घाण्याच्या लाकडाला टेकून बसली. वाळलेली, काटक म्हातारी, जिभेची माझ्यापेक्षा तिखट. तानीशी तिचं कधी पटलं नव्हतं. सासू-सुनेची भांडणं मी स्वत: चुलवाणापर्यंत ऐकलेली. ती त्याच खेपेला होती आणि वाचली होती. म्हातारी वाचली, तरणी गेली, असं गाव तिच्या माघारी म्हणायचं. माघारी म्हणजे तिला ऐकू जाईल एवढ्याच माघारी.

सखाराम उभा राहिला. आवाज इतका बारीक की मागच्यांना ऐकू जाईना. पण त्यानं सगळं सांगितलं. "म्या म्हनलं, वाहून घ्या. म्हनून त्या उठल्या. काय करायचं ते करा."

कुंभाराचा लेक उठला तसा मी पुढं सरकलो. पण त्याच्या आधी रंगूआक्का बोलली.

"गप ऱ्हा सख्या. तुज्या सांगन्यानं उटलो व्हय आमी? कवाधरनं हळदीकुंकवाची पुडी माज्या हातात हुती. तू बोलायच्या आदीच म्या गुडघं टेकून उटले हुते. पयली म्या उटले. मला बगून बाकीच्या." तिनं पदर तोंडावर घेतला आणि परत काढला. "चार म्हयनं मला वाटतंय, म्या मारली माजी सून. तू कशापायी वाटून घेतुयास?"

कुंभाराचा लेक उभा होता तो खाली बसला. इतके दिवस दोघं एका गल्लीत राहत होते, एकमेकांचं तोंड चुकवत होते, आणि दोघांच्या पोटात एकच काटा होता. गावानं मायेनं ठरवलं होतं, विचारायचं नाही, जखम कुरतडायची नाही. त्या मायेनंच दोघं मरायला टेकले होते. आण्णांच्या पोटातही एक काटा होता, तो मला तीन वर्षांनी कळला. सकाळच्या पहिल्या दोन खेपांत त्यांनी मळ्यातला जोंधळा आणवला होता. तो नसता आणला तर शेवटची खेप उजेडात, पाणी चढायच्या आधी झाली असती. ते त्या दिवशी उठून बोलले नाहीत. मी त्यांना दोष देत नाही, ज्याचं त्याला जेव्हा जमेल तेव्हा.

मग आक्का सखारामाजवळ गेली. "आता मला एक सांग. लेकाचं पत्र आलंय पलटनीतनं. इचारतुया, ती शेवटी काय बोल्ली. मास्तर लिवून द्याला तयार हायती, पर म्या काय सांगू? मला सुद न्हवती. तू हुतास तिच्यापाशी. बोल्ली का काय?"

सखारामानं माझ्याकडे बघितलं. हे त्यानं मलाही सांगितलं नव्हतं. मी मान डोलावली.

"बोल्ली आक्का. तुमी दोगी माज्या जवळच हुता. ती हाताला लागत हुती, तुमी जरा लांब. म्या तिला हात दिला. तर म्हनली, 'मला नगं, तात्या, आत्याबाईस्नी धरा आदी.' म्या तुमाला धरलं, काहिलीच्या कडंवर टाकलं. मागं वळलो तर..." तो थांबला. "तर नव्हती."

तात्या म्हणजे सखाराम, आत्याबाई म्हणजे सासू. आक्कानं असा हंबरडा फोडला की घाण्याचे बैल दचकून उठले. चार महिन्यांत ती रडली नव्हती, हे तिच्या भावकीनं मला नंतर सांगितलं. सखारामही रडला, पारू रडली, आण्णा उपरण्यानं डोळे पुसत बसले. मी मळी काढायचा झारा हातात घेऊन उगाच धुवत राहिलो.

रडणं ओसरल्यावर आक्कानं वाफ्यातल्या गुळाचा खडा मोडला आणि सगळ्यांदेखत तोंडात टाकला. "कडंला जरा खारट लागतुया," ती म्हणाली. खारट बिरट काही नव्हता, माझा गूळ होता तो! पण मी गप्प बसलो. दुसऱ्या दिवसापासून गावच्या उसाच्या गाड्या यायला लागल्या.

सखाराम बरा झाला, असं म्हणणार नाही. तळहाताची कातडी आक्रसून राहिली. झाला तो मेळ असा: मी 'कलंडवा' म्हणायचं सोडलं. आधी खड्ड्यापाशी जाऊन त्याला म्हणायचो, "सखा, उतरतोय आता." तो वर येऊन माझ्या शेजारी उभा राहायचा, मग मी गड्यांना हातानं खूण करायचो. दुसऱ्या गावचे गुळवे हसले. हसू देत.

आणि आक्का रोज यायची. दुपारी भाकरी खाऊन खड्ड्याच्या काठावर बसायची आणि म्हणायची, "सख्या, सांग." तो चिपाडं सारत सांगायचा. पहिले काही दिवस 'मागं वळलो तर' इथं त्याचा आवाज तुटायचा आणि माझा जाळ मंदावायचा. मला वाटलं, म्हातारी ह्याला पुन्हा पाण्यात घालणार. मी एकदा तिला हटकलं. ती म्हणाली, "तू तुजा पाक बग. आमचं आमाला शिजू दे." संक्रांतीच्या पुढं तो न थांबता सांगायला लागला. मधून मधून दोघं भांडायचीसुद्धा, आधी पाणी आत आलं की आधी पुडी सुटली, यावरून.

शिमगा जवळ आला, शेवटचे ऊस राहिले होते. एका दुपारी खाकी कपड्यांतला एक माणूस गुऱ्हाळाकडे चालत आला. आक्काचा लेक, रजेवर. सखारामानं त्याला खड्ड्यातून बघितलं आणि हातातलं चिपाड खाली टाकून उभा राहिला. आईनं मास्तरांकडून लिहून धाडलेल्या पत्रात 'वाहून घ्या' कुणी म्हटलं ते होतं का, आम्हाला ठाऊक नव्हतं.

लेकानं पिशवी खाली ठेवली. "आये," तो म्हणाला, "कसं झालं ते तुज्या तोंडानं सांग."

आक्कानं त्याला शेजारी बसवलं आणि सांगायला लागली. काही राखलं नाही. सखाराम काय म्हणाला, आपण आधी कशा उठलो, काहील कशी बसली. "आन् तानी हुती सख्याच्या उजव्या हाताला..."

"डाव्या, आक्का," सखाराम हळूच म्हणाला.

"व्हय, डाव्या. डाव्या हाताला हुती. त्यानं हात दिला, तर म्हनली, मला नगं, आत्याबाईस्नी धरा आदी."

लेक खाली बघत होता. टोपी काढून त्यानं गुडघ्यावर ठेवली. मग त्यानं सखारामाकडे मान वळवली आणि हात पुढं करून त्याला खड्ड्यातून वर घेतलं. आपल्या दुसऱ्या बाजूला बसवलं.

"तात्या," तो म्हणाला, "आता तुमी सांगा. पयल्यापासनं."

काहिलीत बुडबुडे जाड झाले होते. मी दोनदा ओरडलो, "सखा, जाळ आवर! जाळ आवर रं!" ऐकतो कोण? करपट वास सुटला, पाक कडेनं काळा पडायला लागला. मग मीही ओरडायचं सोडलं, काहिलीकडे पाठ केली आणि त्यांच्यात जाऊन बसलो.